क्लिपचा वेग बदलताना आधी फ्रेम मोजा, मग स्पीडला हात लावा

रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडी, म्हणजे रंगीत पाण्याचे जमिनीतले हौद, उघडतात. एका वर्षी तिवंध्याच्या रहाडीपाशी मी मोबाइल घेऊन उभा होतो. कुणी धप्पा मारला, म्हणजे आत उडी टाकली, की रंगीत पाणी काठावरच्यांच्या अंगावर उसळायचं. तो क्षण मला स्लो मोशनमध्ये हवा होता. रात्री क्लिप एडिटरमध्ये टाकली, वेग पाव केला आणि चालवून पाहिली. पाणी उठलं, अडखळलं, पुन्हा उठलं, पुन्हा अडखळलं. उडी मारणारा मुलगा झटके खात खाली आला. दोन दिवस मी एकामागून एक सॉफ्टवेअर बदलून पाहत होतो, आणि चूक सॉफ्टवेअरमध्ये नव्हतीच. ती शूटिंगमध्ये झाली होती.

नव्याने एडिटिंग शिकणाऱ्याला वेग बदलणं सगळ्यात सोपं वाटतं, कारण एकच आकडा भरायचा असतो. पण त्या आकड्याने चित्र, आवाज आणि पुढच्या सगळ्या क्लिप हलतात. हे सगळं मला नीट समजलं ते दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षबागेवर काम करताना. ओळखीच्या काकांना छाटणीपासून कॅरेट भरेपर्यंतचा दोन मिनिटांचा व्हिडिओ हवा होता. त्यात संथ, जलद, मागेपुढे असं सगळंच लागलं. म्हणून तेच उदाहरण घेऊन सांगतो.

फ्रेमचा हिशोब

व्हिडिओ म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रं. मोबाइल साधारणपणे सेकंदाला ३० फ्रेम टिपतो. वेग दुप्पट केला की सॉफ्टवेअर एक फ्रेम दाखवतं, एक गाळतं. वेग निम्मा केला की त्याच फ्रेम दुप्पट वेळात पुरवायच्या असतात, म्हणून प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवली जाते. पाव केला तर चारदा. रहाडीतलं माझं पाणी अडखळत होतं ते यामुळेच: सेकंदाला खऱ्या फ्रेम उरल्या होत्या साडेसात.

जलद करायला फ्रेम नेहमीच पुरतात. संथ करायला त्या आधीच टिपलेल्या असाव्या लागतात.

किती संथ करता येईल याचं गणित एका भागाकाराचं आहे. टाइमलाइनची (एडिटरमध्ये क्लिप ओळीने लावायच्या पट्टीची) फ्रेम संख्या भागिले शूटिंगची फ्रेम संख्या. टाइमलाइन ३०ची असेल आणि शूटिंग ६०चं, तर ०.५ पर्यंत चित्र गुळगुळीत राहतं. शूटिंग १२०चं असेल तर ०.२५ पर्यंत, २४०चं असेल तर ०.१२५ पर्यंत. त्याच्या खाली गेलात की फ्रेम पुन्हा पुन्हा दिसायला लागतात. शूटिंग ३०चंच असेल तर वेग १ च्या खाली नेऊच नये असं माझं मत आहे. फार तर ०.८, आणि तेही हालचाल कमी असेल तर.

क्लिप किती लांब होईल हेही आधीच काढून ठेवा: मूळ सेकंद भागिले वेग. दहा सेकंदांची क्लिप २ वेगाने पाच सेकंदांची होते, ०.५ ने वीस, ०.२५ ने चाळीस. काही सॉफ्टवेअर हाच आकडा टक्क्यांत दाखवतात. २०० टक्के म्हणजे दुप्पट, ५० टक्के म्हणजे निम्मा.

क्लिप किती फ्रेमची आहे हे अंदाजाने ठरवू नका. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या डिटेल्समध्ये फ्रेम रेट लिहिलेला असतो. हे बघणं गरजेचं आहे, कारण काही मोबाइल स्लो मोशनची फाइल १२० फ्रेमची म्हणून ठेवतात, तर काही ती आधीच संथ करून ३० फ्रेमची बनवून ठेवतात. दुसऱ्या प्रकारची फाइल आणखी संथ केलीत तर ती अडखळणारच. आणि मोबाइलमधून कॉम्प्युटरवर क्लिप आणताना व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, तो दाबला जातो. केबलने आणा, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

बागेत असतानाच ठरवायचं

काकांच्या बागेत जाताना मी कागदावर दोन रकाने केले. संथ दाखवायचं ते १२० फ्रेमवर, बाकी सगळं ३० वर. संथच्या रकान्यात तीनच गोष्टी होत्या: काडीवर कात्री मिटते तो क्षण, ब्लोअरच्या फवारणीचा धुरळा पानांवर बसतो तो, आणि तोडणीच्या वेळी घड देठापासून सुटून हातात येतो तो. तिन्ही डोळ्याला एरवी नीट दिसत नाहीत. काका बांधावरून चालत येतात, कॅरेट ट्रॅक्टरमध्ये चढतात, हे संथ करून त्यात नवीन काही दिसत नाही. लग्नाच्या व्हिडिओंमुळे आपल्याला प्रत्येक चालणं संथ करायची सवय लागली आहे. ती सोडा.

उजेडाचं भान इथेच ठेवावं लागतं. १२० फ्रेमवर एका फ्रेमला जास्तीत जास्त सेकंदाचा १२०वा भाग उजेड मिळतो. ऑक्टोबरच्या उन्हात तो भरपूर होतो. पण रामकुंडावर संध्याकाळच्या गोदा आरतीला तोच मोड लावलात तर दिव्यांच्या ज्योती तेवढ्या दिसतील आणि घाट काळा पडेल. तिथे ३० वरच शूट करा आणि वेगाला हात लावू नका.

दुसरी अडचण विजेच्या दिव्यांची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे जुन्या पट्टीच्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला कळत नाही, पण १२० किंवा २४० फ्रेमच्या कॅमेऱ्याला कळतं, आणि संथ केल्यावर सगळी खोली लुकलुकते. स्वस्त एलईडी दिवेही असाच त्रास देतात. पॅकिंगच्या शेडमध्ये मी म्हणून दिवे बंद करायला लावले आणि दाराचं शटर वर करून तिथल्या उजेडात घडांचं शूटिंग केलं. एडिटिंगमध्ये ही लुकलुक काढणं नवशिक्याच्या आवाक्यातलं काम नाही.

जलद करायच्या क्लिपना स्टँड हवाच. वेग आठपट केला की हाताचा थरकापही आठपट घाईने दिसतो. स्टँड नसेल तर मोबाइल मांडवाच्या खांबाला घट्ट बांधा.

शॉटकटमध्ये पायरीपायरीने

शॉटकट हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि वॉटरमार्क टाकत नाही. म्हणून शिकायला मी तेच सुचवतो.

सुरुवात क्लिप आत घेण्याने करू नका. आधी सेटिंग्जमध्ये व्हिडिओ मोड निवडा, आडव्या व्हिडिओसाठी १०८० पी, ३० फ्रेम. हा मोड ऑटोमॅटिकवर ठेवला तर पहिली क्लिप जशी असेल तसा सगळा प्रोजेक्ट होतो. पहिलीच क्लिप १२० फ्रेमची टाकली तर टाइमलाइनही १२०ची होऊन बसते आणि वरचा भागाकार कोलमडतो. इन्स्टासाठी उभा व्हिडिओ हवा असेल तर उभा मोडही आत्ताच निवडा.

आता क्लिप प्लेलिस्टमध्ये ओढा. मोबाइलच्या क्लिपवर शॉटकट बऱ्याचदा एक सूचना दाखवतं की या फाइलचा फ्रेम रेट बदलता आहे. मोबाइल उजेडाप्रमाणे आणि प्रोसेसरवरच्या ताणाप्रमाणे फ्रेमची संख्या थोडी वरखाली करतो, त्याची ही सूचना. तिथे एडिटिंगसाठी सोयीची फाइल बनवून घ्यायचा पर्याय असतो. तो स्वीकारा, वेळ लागला तरी चालेल. वेग बदलल्यावर बोलणं आणि ओठ जुळत नाहीत, त्याचं मूळ अनेकदा इथेच असतं.

क्लिप टाइमलाइनवर आणल्यावर आधी कापा, मग वेग बदला. कात्रीच्या क्लिपमध्ये मला नऊ सेकंदांतला दीडच सेकंद संथ हवा होता. प्लेहेड, म्हणजे टाइमलाइनवरची उभी रेघ, कात्री मिटायच्या किंचित आधी ठेवून एस दाबलं, काडी पडल्यावर पुन्हा एस. आता क्लिपचे तीन तुकडे झाले. फक्त मधला निवडायचा.

त्यानंतर टाइमलाइनच्या वरच्या पट्टीतला रिपल चालू करा. हे विसरलात तर वेग वाढवल्यावर क्लिप आखडते आणि मागे काळी पोकळी राहते. वेग कमी केल्यावर क्लिपला पसरायला जागा मिळत नाही आणि तिचा शेवट झाकला जातो. शेवट हरवलेला दिसला तर क्लिपचं उजवं टोक ओढून पाहा, तो तिथेच असतो. रिपल चालू असलं की पुढच्या क्लिप आपोआप सरकतात.

मधला तुकडा निवडून प्रॉपर्टीज उघडा. तिथे स्पीडचा रकाना आहे, त्यात १ लिहिलेलं असतं. ते खोडून ०.२५ लिहा आणि एंटर दाबा. दीड सेकंदाचे सहा सेकंद झाले. चालवून पाहा. जड वाटलं तर ०.४ करा. गणिताने ०.२५ ही खालची हद्द दिली आहे, तिथपर्यंत जायलाच हवं असं नाही. मी शेवटी ०.३५ ठेवलं, कारण सहा सेकंद एका काडीकडे बघताना माझाच डोळा कंटाळत होता.

प्रत्येक बदल वेगळा करून पाहा आणि आवडला नाही तर कंट्रोल झेडने परत या. आकडा बदलत बदलत मूळ वेग कुठला होता हेच विसरायला होतं.

फेड, नावाची पट्टी, पार्श्वसंगीत हे सगळं वेग पक्का झाल्यावर लावा. आधी लावलेली पट्टी वेग बदलला की भलत्याच जागी उगवते आणि पुन्हा जुळवण्यात अख्खी दुपार जाते. हलणारी क्लिप स्थिर करायचा फिल्टर वापरणार असाल तर तो मूळ वेगावरच लावा, तो तुकडा वेगळा एक्सपोर्ट करा, म्हणजे तयार व्हिडिओ फाइल म्हणून बाहेर काढा, आणि नवीन फाइल म्हणून परत आणून मग तिचा वेग बदला.

दुसरं काही वापरत असाल तर

विंडोज ११ मध्ये क्लिपचॅम्प बसवलेलंच येतं. क्लिप निवडली की उजव्या पट्टीत स्पीड दिसतं, स्लायडर ०.१ पासून १६ पटीपर्यंत जातो. आयमूव्हीत व्ह्यूअरच्या वर स्पीडचं चिन्ह आहे. तिथे संथ केलेल्या क्लिपवर कासव आणि जलद केलेल्या क्लिपवर ससा दिसतो, त्यामुळे कुठला तुकडा बदलला हे लगेच कळतं. डाव्हिंची रिझॉल्व्हमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून चेंज क्लिप स्पीड निवडा आणि त्याच खिडकीत रिपलच्या चौकटीत खूण करा. मोबाइलवरच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये क्लिपवर टॅप केलं की खालच्या पट्टीत स्पीड येतं. फ्रेमचं गणित सगळीकडे तेच.

रिझॉल्व्हमध्ये ऑप्टिकल फ्लो नावाची एक सोय आहे. दोन खऱ्या फ्रेमच्या मधली फ्रेम ते स्वतः तयार करतं. मोकळ्या आकाशातून उडणारा पक्षी, रिकाम्या रस्त्यावरची गाडी, अशा साध्या पार्श्वभूमीवर ते छान जमतं. द्राक्षबागेत मला ते अजिबात उपयोगी पडलं नाही. मांडवाच्या तारा, पानं, काड्या एकमेकांवरून सरकतात, तिथे सॉफ्टवेअरचा अंदाज चुकतो आणि तारा चिखलासारख्या विरघळताना दिसतात. रहाडीची जुनी क्लिपही मी यातून घालून पाहिली. पाण्याच्या थेंबांची लापशी झाली.

आवाजाचं काय करायचं

वेग बदलला की आवाजही बदलतो, आणि चित्रापेक्षा तो आधी खटकतो. कारण संगीत ऐकणाऱ्याला चटकन कळेल असं आहे. वेग दुप्पट केला की आवाजाची कंपनं दुप्पट होतात, म्हणजे मध्य सप्तकातला सा थेट तार सप्तकात जातो. निम्मा केला की तोच सा मंद्रात उतरतो. माणसाचा आवाज वर गेला की चिरका वाटतो, खाली गेला की घोगरा.

शॉटकटमध्ये स्पीडजवळच पिच कॉम्पेन्सेशनची चौकट आहे. ती खूण केली की आवाजाची पट्टी जागेवर राहते, फक्त लय बदलते. आयमूव्हीत याला प्रिझर्व्ह पिच म्हणतात, रिझॉल्व्हमध्ये पिच करेक्शन. थोड्या बदलाला, म्हणजे ०.९ ते १.१५ पर्यंत, ही सोय चांगली आहे. त्यापलीकडे आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो.

बोलणाऱ्या माणसाचा वेग मात्र शक्यतो बदलूच नये. काका सावकाश बोलतात. त्यांचं बोलणं लांबलं म्हणून मी ते १.२ ने पळवलं तेव्हा शब्द कळत होते, पण ते काका वाटत नव्हते. मग मूळ वेग ठेवला आणि मधले थांबे, दोनदा आलेली वाक्यं, खोकला हे कापून काढलं. चाळीस सेकंदांचे सत्तावीस झाले आणि बोलण्यातली दिंडोरीची ढब तशीच राहिली.

संथ क्लिपचा आवाज मी काढूनच टाकतो. क्लिपवर राइट क्लिक करून डिटॅच ऑडिओ केलं की आवाज वेगळ्या ट्रॅकवर येतो आणि तो पुसता येतो. हे वेग बदलायच्या आधी करा. त्या जागी बागेतला मूळ वेगाचा आवाज टाका. त्यासाठी प्रत्येक ठिकाणी एक मिनिट नुसता आवाज रेकॉर्ड करून आणायची सवय लावून घ्या: पानांची सळसळ, लांबचा ट्रॅक्टर, बायकांच्या गप्पा. संथ चित्राखाली हा खरा आवाज इतका सहज बसतो की बघणाऱ्याला जोड कळत नाही.

नाशिक ढोलाचं शूटिंग करणाऱ्यांना इथे जास्त काळजी घ्यावी लागते. टिपरू ढोलावर पडताना दिसतं आणि ठोका ऐकू येतो, यातलं अंतर कुणालाही कळतं. ढोल संथ केला तर ठोका दबका, ओल्या पखवाजासारखा होतो. पिच कॉम्पेन्सेशन लावलं तर ठोक्याची धार फाटते, कारण एक क्षणाचा आवाज ताणून भरायचा असतो. मी असं करतो: हात वर जातो तो भाग संथ, आवाज पूर्ण बंद, आणि टिपरू चामड्याला लागायच्या अगदी आधीच्या फ्रेमवर कापून पुढचा तुकडा मूळ वेगावर आणि मूळ आवाजावर. शांततेनंतर पहिला ठोका छातीत बसतो. हा काप एक-दोन फ्रेमने जरी पुढेमागे झाला तरी बिघडतो, म्हणून बाणाच्या कळांनी एकेक फ्रेम सरकत जागा शोधा.

जलद करताना

नाशिक जिल्ह्याशी या विषयाचं जुनं नातं आहे. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले. पूर्ण लांबीचा चित्रपट काढायच्या आधी, भांडवल देणाऱ्यांना खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिन्याभराची रोपाची वाढ सुमारे मिनिटभराच्या फिल्ममध्ये बसवली. तीस दिवसांची मिनिटं होतात ४३,२००. म्हणजे वेग त्रेचाळीस हजार पट. तो कुठल्याही स्लायडरने मिळणारा नाही, तो कॅमेऱ्यासमोरच मिळवावा लागतो.

त्यामुळे जलद करायच्या कामाचे दोन वर्ग करा. काही मिनिटांचं काम सेकंदांत दाखवायचं असेल तर साधा व्हिडिओ घ्या आणि वेग वाढवा. काकांच्या छाटणीची एक ओळ आठ मिनिटांची, म्हणजे ४८० सेकंदांची होती. मला ती बारा सेकंदांत हवी होती. ४८० भागिले १२, वेग ४०. शॉटकटमध्ये ४० लिहिलं, आवाज काढला, झालं. तुमच्या सॉफ्टवेअरची हद्द १६ असेल तर एकदा १० ने एक्सपोर्ट करा आणि त्या फाइलवर ४ लावा.

तासांचं काम सेकंदांत दाखवायचं असेल तर मात्र मोबाइलचा टाइमलॅप्स मोड वापरा, नाहीतर मेमरी भरेल. दर दहा सेकंदांना एक फोटो घेतला तर तीन तासांत १,०८० फोटो होतात, आणि ३० फ्रेमच्या टाइमलाइनवर ते ३६ सेकंद चालतात. मोबाइल सावलीत ठेवा. तापला की कॅमेरा मधेच बंद पडतो आणि ती सकाळ परत मिळत नाही.

४० वेगावर माणसं किड्यांसारखी वळवळतात, तेव्हा बघणाऱ्याला काम दिसतं पण कामाची रीत दिसत नाही. म्हणून छाटणीच्या त्या बारा सेकंदांच्या मधोमध मी एक काडी मूळ वेगावर ठेवली. काडीच्या कुठल्या डोळ्यावर, म्हणजे कोंब फुटायच्या जागेवर, काप घेतला हे तिथे कळतं. शेतीचा व्हिडिओ बघणारा नेमकं तेच बघायला आलेला असतो.

वेगातून वेगात जाताना

मूळ वेगावरून एकदम ०.२५ वर आलात तर गाडीला ब्रेक लागल्यासारखं वाटतं. काही अ‍ॅपमध्ये कर्व्ह नावाची सोय असते, तिथे बिंदू ओढून वेग हळूहळू उतरवता येतो. ती नसेल तर तुकड्यांनी करा. घड तोडायच्या क्लिपचे मी चार तुकडे केले: हात पुढे जातो तो १ वर, देठ धरतो तो अर्ध्या सेकंदाचा तुकडा ०.६ वर, घड सुटतो तो ०.३ वर, आणि कॅरेटमध्ये टेकतो तो पुन्हा १ वर. प्रत्येक काप हालचाल सुरू असतानाच घ्या. हात थांबलेला असताना कापलं तर जोड उघडा पडतो.

उलटं चालवायची सोय शॉटकटमध्ये प्रॉपर्टीजच्या मेनूत रिव्हर्स नावाने आहे. ती नवीन फाइल बनवते, म्हणून मोठ्या क्लिपवर न लावता हवा तो तुकडा कापून त्यावरच लावा.

एक्सपोर्ट करताना फ्रेम संख्या प्रोजेक्टची तीच, ३०, ठेवा. इथे ६० केल्याने संथ क्लिप गुळगुळीत होत नाही, फाइल तेवढी जड होते. यूट्यूबचा प्रीसेट निवडलात तर बाकी काही बदलावं लागत नाही. तयार फाइल मोबाइलवर एकदा आवाज बंद करून पाहा आणि एकदा डोळे मिटून ऐका. पहिल्या खेपेला अडखळणारे तुकडे सापडतात, दुसऱ्या खेपेला आवाजाचे तुटके जोड.

मूळ क्लिप पुसू नका आणि त्यांची जागाही बदलू नका. शॉटकटच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतो, फक्त तो कुठे ठेवला आहे याची नोंद असते. क्लिप, आवाज आणि प्रोजेक्ट एकाच फोल्डरमध्ये ठेवा, आणि फोल्डरच्या नावात बागेचं नाव व छाटणीचा महिना लिहा. काकांनी पुढच्या हंगामात फवारणीचा भाग तेवढा बदलून मागितला, तेव्हा मला फक्त एक नवीन १२० फ्रेमची क्लिप घेऊन ०.३ लिहावं लागलं.